कीबोर्डमधला बिस्किटाचा चुरा आणि इतर प्रश्न

कऱ्हाडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि या पानावर मी वाचकांच्या यंत्रांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देते. मागच्या अंकात ओघात लिहून गेले होते, की लहान मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप घेताना किंमत सगळ्यात शेवटी बघा. त्यावर इतकी पत्रं आली, की या खेपेला प्रिंटर आणि वायफायवाल्यांनी थांबावं. पत्रं थोडी काटछाट करून छापली आहेत.

प्रश्न : नात आठ वर्षांची. तिला मुलांसाठी म्हणून मिळणारा छोटा लॅपटॉप घेऊन दिला. पाढे, इंग्रजी शब्द वगैरे करेल असं वाटलं होतं. ती दिवसभर फोटो काढते, आजीचा आवाज रेकॉर्ड करते आणि तोच तोच ऐकून हसते. मुलगा म्हणतो, पैसे पाण्यात गेले. तुमचं मत काय? — एक आजोबा, मिरज

आजोबा, तुमच्या मुलाला आधी एका गाईची गोष्ट सांगा. मुलांसाठी म्हणून मुळापासून घडवलेला पहिला गाजलेला स्वस्त लॅपटॉप म्हणजे ‘एक्सओ’. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधले निकोलस निग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेत त्याची कल्पना मांडली. शंभर डॉलरमध्ये देऊ म्हणाले होते. प्रत्यक्षात कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत किंमत दोनशे डॉलरच्या घरात गेली. पण यंत्र झकास होतं : पांढरं-हिरवं, दप्तरासारखी मूठ असलेलं, सशाच्या कानांसारखे दोन अँटेना असलेलं. मे २००७ मध्ये उरुग्वेतल्या व्हिया कार्दाल या दुधाच्या धंद्यावर जगणाऱ्या गावात शाळेतल्या सगळ्या मुलांना तो मिळाला. आणि त्यातल्या एका पोराने काय केलं, तर घरची गाय विताना त्याचं शूटिंग केलं. ते पुढे यूट्यूबवर गेलं आणि या प्रकल्पाची जाहिरात करणाऱ्या मोठ्या माणसांनी ते जगभर दाखवलं. पाढ्यांचं शूटिंग कोणी जगभर दाखवलं असतं का?

मुलं आधी कॅमेऱ्यालाच हात घालतात, मग आवाजाला, मग चित्रांना. अक्षरं त्यानंतर येतात. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या शाळेत त्याच वर्षी हे लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. एक शिक्षक, पहिली ते चौथी एकाच खोलीत, पोरं जेमतेम वीस-बावीस. अशा ठिकाणी यंत्रासोबत पुस्तिका देऊन उपयोग नसतो, कारण ती वाचणार कोण? एक्सओवर म्हणूनच ‘फाईल’, ‘फोल्डर’ असलं काही ठेवलंच नव्हतं. चित्रावर बाण नेऊन बटण दाबलं की काम सुरू. केलेलं सगळं आपोआप एका रोजनिशीत जमा व्हायचं. दोन लॅपटॉप एकमेकांसमोर ठेवून आवाजाच्या वेगावरून त्यांच्यातलं अंतर मोजायची एक गंमत त्यात होती, ती मला अजून आवडते. पोरं अंगणात लॅपटॉप घेऊन मागे-मागे सरकत जातात आणि आकडा वाढताना बघतात. पट्टी लावून खात्री करा म्हटलं तर तेही करतात.

तेव्हा फोटोंना हरकत घेऊ नका. मात्र तुमच्या मुलाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. नवलाई ओसरते. पॅराग्वेत काकुपे नावाच्या शहरात असे हजारो लॅपटॉप वाटले गेले. मॉर्गन एम्स या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तिथे मुक्काम करून मुलं काय करतात ते पाहिलं. बऱ्याच मुलांनी काही काळाने लॅपटॉप बाजूला टाकला होता, आणि जी वापरत होती त्यातली बहुतेक गाणी, व्हिडिओ आणि खेळांसाठी वापरत होती. थोडी मुलं खरोखर पुढे गेली. त्यांच्या घरात किंवा आसपास कोणीतरी होतं, जे विचारायचं, ‘हे काय केलंस? दाखव बघू.’

ते कोणीतरी तुम्ही व्हा. आजीच्या आवाजाची तिला हौस आहे ना? मग आजीकडून पुरणपोळीची कृती टप्प्याटप्प्याने रेकॉर्ड करायला सांगा, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायला सांगा आणि फोटोखाली एक ओळ मराठीत टाइप करायला लावा. ‘पुरण’ मधला र आणि ‘पोळी’ मधला ळ शोधताना तिची मराठी टायपिंगची ओळख होईल. शुद्धलेखन तपासायला बसू नका. ते नंतर.

प्रश्न : हॅण्डल फिरवून चार्ज होणारा लॅपटॉप मिळतो असं ऐकलं. आमच्याकडे लाईट फार जाते. कुठे मिळेल? — नंदुरबार जिल्ह्यातून एक वाचक

मिळत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत त्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा नमुना दाखवला, त्याला खरोखर पिवळा दांडा होता. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवला आणि दांडा निखळून आला, हा किस्सा अजून सांगतात. फोटो मात्र जगभर गेला, त्यामुळे दांड्याची आख्यायिका वीस वर्षं टिकून आहे. विक्रीला आलेल्या यंत्रात दांडा नव्हताच. दुकानदारीच्या नजरेने सांगते : जे यंत्र चार्ज करायचं त्याच्याच अंगाला दांडा लावला तर दर फिरवणीला सगळं अंग पिळवटतं, आणि सांधे सुटतात. छपरावर छोटं सोलर पॅनेल आणि खाली बॅटरी, हा तुमच्यासाठी धोपट मार्ग.

प्रश्न : आमची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पाटण तालुक्यात डोंगरात. मुंबईचं एक मंडळ मुलांसाठी ३० छोटे लॅपटॉप देणार आहे. सहकारी म्हणतात, कपाटात ठेवून आठवड्यातून दोन तास काढू. मला वाटतं मुलांना घरी न्यायला द्यावेत. पण डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या रजिस्टरला, नोंद झाली की फुटल्यावर वसुली कोणाकडून? शिवाय एका खोलीत एकच प्लग आहे. — एक गुरुजी

गुरुजी, तुमच्या पत्रासाठीच मी हे पान वाढवून मागितलं.

तुमचा प्रश्न पेरू देशात लाखो मुलांच्या बाबतीत विचारून झालेला आहे. तिथल्या सरकारने एक्सओ जगात सगळ्यात जास्त घेतले, साडेआठ लाखांच्या आसपास, आणि मुख्यतः डोंगरी, खेडोपाडीच्या शाळांना दिले. मग इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी ३१९ ग्रामीण शाळा घेतल्या. काहींत लॅपटॉप दिलेले, काहींत नाहीत. सुमारे सव्वा वर्षाने तुलना केली. गणितात फरक नाही. भाषेत फरक नाही. हजेरीत नाही. प्रत्येक लॅपटॉपमध्ये २०० पुस्तकं भरून दिली होती, तरी मुलांच्या वाचनाच्या सवयीतही नाही. आकृत्यांची कोडी सोडवण्यासारख्या, विचारशक्ती जोखणाऱ्या चाचण्यांत मात्र लॅपटॉपवाली मुलं थोडी पुढे दिसली.

हा अहवाल २०१२ मध्ये आला तेव्हा लोकांनी ‘लॅपटॉप निरुपयोगी’ एवढाच मथळा उचलला. मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. लॅपटॉप घरी न्यायची परवानगी सरकारने दिली होती, तरी निम्म्याहून कमी मुलांनी तो घरी नेला. मास्तर घाबरले. आईवडीलही घाबरले, की हरवला तर आपल्याकडून भरून घेतील. म्हणजे तुमचा डेडस्टॉक रजिस्टरचा प्रश्न तिथल्या डोंगरातसुद्धा होता! इंटरनेट बहुतेक शाळांत नव्हतं. शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं ते थोडक्यात उरकलेलं, आणि वर्गात रोजच्या धड्याला हे यंत्र कसं जोडायचं हे कोणी सांगितलं नव्हतं.

उरुग्वेने उलट केलं. तिथे राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस यांनी २००७ मध्ये योजना सुरू केली आणि २००९ संपायच्या आत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप होता. यंत्र मुलाचं, घरी न्यायचं, शाळेत इंटरनेट. बंद पडलेल्या यंत्रांची संख्या वाढल्यावर दुरुस्तीची यंत्रणा उभी केली. देश छोटा आणि पैसेवाला, हे खरं. तुम्हाला खोटी आशा लावायची नाही म्हणून हेही लिहिते, की तिथल्या अभ्यासातही गणित आणि वाचनाचे गुण लॅपटॉपमुळे वाढल्याचं दिसलं नाही. गुण वाढवायला लॅपटॉप घेत असाल तर मंडळाला सरळ सांगा, की एक जास्तीचा शिक्षक द्या. ज्या घरात आजवर यंत्र कधी आलंच नाही, त्या घरात ते गेलं आणि मुलाने आईला वापरून दाखवलं, हा फायदा उरुग्वेत झाला. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही. निग्रोपाँटे कंबोडियातल्या एका खेड्याची आठवण सांगत. तिथे वीज नव्हती. मुलांनी लॅपटॉप घरी नेले तेव्हा आईबाप खूश झाले, कारण उघडल्यावर घरातला सगळ्यात लख्ख दिवा तोच होता. सुरुवात अशीही होते.

तेव्हा माझं उत्तर : घरी द्या. फक्त देण्याआधी काही कामं करून ठेवा.

पहिलं, मंडळाला लिहा की ३० नकोत, २६ द्या आणि उरलेल्या चारांचे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. देणगीदारांना आकडा गोल हवा असतो आणि फोटोत खोकी जास्त दिसलेली आवडतात. तुम्ही ठाम राहा. माझ्याकडे शाळांचे लॅपटॉप येतात त्यात सगळ्यात जास्त बिघाड चार्जिंग पिनचा असतो. मुलं अॅडॉप्टर लावलेला असतानाच उचलून चालायला लागतात. मग बिजागरी. मग कीबोर्ड. डिस्प्ले फुटणं लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. पिनचं काम किरकोळ असतं, पण पैसे मंजूर व्हायला वर्ष लागतं आणि तोवर लॅपटॉप कपाटात जातो तो जातोच.

दुसरं, मॉडेल ठरवण्याआधी मंडळातल्या कोणालातरी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पाठवा. विचारायचं एकच : या मॉडेलचा कीबोर्ड, बॅटरी आणि अॅडॉप्टर सुटा मिळतो का? नाही म्हणाले तर तो लॅपटॉप फुकट मिळाला तरी महाग. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये मेमरी आणि स्टोरेज दोन्ही मदरबोर्डवरच चिकटवलेलं असतं, बॅटरी डिंकाने बसवलेली असते. असलं यंत्र उघडायला घेतलं की माझाच जीव वर-खाली होतो. एक्सओच्या बनवणाऱ्यांनी काय केलं होतं माहीत आहे? साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडेल असं यंत्र केलं आणि हरवले तर असावेत म्हणून ज्यादा स्क्रू मुठीच्या आत बसवून दिले. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसांना चहा पाजावासा वाटला. नायजेरियात अबुजाजवळ गलादिमा नावाच्या शाळेत पोरांनी स्वतःच लॅपटॉपचा ‘दवाखाना’ काढला होता. तुमची चौथीची पोरं सायकलची चेन बसवतातच ना? स्क्रूड्रायव्हर द्या त्यांच्या हातात. फक्त चार्जर उघडायचा नाही, तो विजेचा मामला आहे.

तिसरं, प्लग. एक छोटा लॅपटॉप चार्ज होताना ३० ते ४० वॅट खातो असं धरा. तीस एकदम लावले तर हजार वॅटच्या आसपास. कागदावर ६ अँपिअरचा सॉकेट तेवढं सोसतो, पण शाळेचं वायरिंग आणि दहा रुपयांचं प्लास्टिकचं थ्री-पिन सोसत नाही. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून माळ करू नका. ज्या घरी वीज आहे तिथे मुलं रात्री चार्ज करून आणतील, घरी द्यायचं हेही एक कारण. ज्यांच्या घरी नाही त्यांचेच शाळेत लावा, आठ-आठच्या पाळ्यांत.

आता वसुली. नियम मी सांगणार नाही, ते केंद्रप्रमुखांना विचारा. पण लॅपटॉप यायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या : वाचनालयातल्या पुस्तकासारखा मुलाच्या नावे दिला जाईल, वापरात बिघडला तर दुरुस्ती निधीतून होईल, पालकांकडून किंवा शिक्षकांकडून पैसे घेतले जाणार नाहीत. मंडळाच्या देणगीपत्रातही हेच वाक्य घालून घ्या. मग पालकांची सभा घ्या आणि ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. सही-अंगठ्याच्या आधी. पेरूत हे वाक्य लोकांपर्यंत पोचलं असतं तर निम्म्याहून जास्त मुलं लॅपटॉप शाळेत ठेवून घरी गेली नसती.

आणि तुमच्या सहकाऱ्यांना दुखवू नका. त्यांची भीती खरी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी एकेक लॅपटॉप आपापल्या घरी नेऊन वापरा. शिक्षकाचा हात बसला नाही तर मुलांना देऊनही तो गाण्यांचा डबा होणार.

प्रश्न : टॅबलेट स्वस्त पडतो. मग लॅपटॉप कशाला? — एक आई, नाशिक

ताई, बघायला टॅबलेट पुरतो. करायला कीबोर्ड लागतो. आपल्या सरकारने एक्सओला २००६ मध्ये नकार दिला होता आणि पुढे स्वतःचा स्वस्त टॅबलेट आणला, ‘आकाश’. ५ ऑक्टोबर २०११ ला तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांनी तो दाखवला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि पडदा असा की बोटाने नुसता स्पर्श करून भागायचं नाही, दाबावं लागायचं. पुढचा ‘आकाश २’ बरा होता, पण तोवर लोकांचं मन उडालं होतं. आजचे टॅबलेट अर्थात त्याहून शंभर पटीने चांगले. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला चित्रं-गोष्टींसाठी घेतलात तर हरकत नाही. पण आठ-नऊच्या पुढे मूल लिहायला, जोडायला, छोटा प्रोग्रॅम करायला लागणार असेल तर जुना, वापरलेला लॅपटॉप टॅबलेटच्याच किमतीत मिळतो. बॅटरी नवी टाकून घ्या.

प्रश्न : २००७ मध्ये ३९९ डॉलर देऊन एक लॅपटॉप गरीब देशातल्या मुलाला आणि एक स्वतःला, अशी योजना होती. आम्ही दोन वेळा घेतली. दोन हिरवे एक्सओ माळ्यावर पडून आहेत. डिसेंबरमध्ये देवरुखला येतोय. गावच्या शाळेला देऊ का? — न्यू जर्सीहून एक वाचक

आणा, पण शाळेला देण्याआधी अपेक्षा कमी करा. आजच्या वेबसाइट त्या ब्राउझरमध्ये उघडणार नाहीत. ४३३ मेगाहर्ट्झ आणि २५६ एमबी रॅमकडून तेवढंच होणार. कीबोर्डही इंग्रजीच असेल. एक्सओ बनवणाऱ्या ओएलपीसी या संस्थेने देवनागरी छापलेला कीबोर्ड केला होता, तो तुमच्या योजनेतल्या यंत्रांना नव्हता.

चालू होतील का? शक्यता बरी आहे. त्यातली बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ती फुगून-बिगून त्रास देत नाही. अॅडॉप्टर २३० व्होल्टला चालतो, फक्त प्लगची पिन बदलणारा तुकडा आणा. तारीख चुकीची दाखवली तर आतली घड्याळाची बॅटरी संपली असेल. चेक-इन सामानात टाकू नका, हातात ठेवा.

त्यात अजून काय छान आहे ते सांगते. भर उन्हात बाहेर बसा आणि पडद्यामागचा दिवा बंद करा. मजकूर काळा-पांढरा होतो आणि छापील पानासारखा स्वच्छ दिसतो. मेरी लू जेप्सन या बाईंनी तो डिस्प्ले घडवला. आजचे महागडे लॅपटॉप घेऊन देवरुखच्या उन्हात बसून दाखवा! पडदा उलटा फिरवून पुस्तकासारखा दुमडता येतो. पुस्तकं भरून द्या, कासवाला ठोकळे जोडून हुकूम द्यायचा ‘टर्टल आर्ट’ आहे तो मुलांना दाखवा. सिमोर पेपर्ट यांच्या ‘लोगो’ या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलंच ते कासव. तीसजणांच्या वर्गाला दोन यंत्रं म्हणजे मारामारी. वाचनालयाच्या कोपऱ्यात ठेवायला ठीक. मुलांना तेच सॉफ्टवेअर हवं झालं तर ‘शुगर’ नावाने ते अजून मोफत मिळतं, जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्याशा स्वस्त कॉम्प्युटरवर चढवता येतं. गावच्या एखाद्या डिप्लोमाच्या पोराला सांगा, तो संध्याकाळी बसून करून देईल.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. लॅपटॉपची बटणं उपटून काढतो. आत बिस्किटाचा चुराही गेलाय. एक्सओसारखा रबरी कीबोर्ड आता मिळतो का? — एक आई, कऱ्हाड

अख्खा बंद रबरी कीबोर्ड असलेला लॅपटॉप आता सहजी मिळत नाही. त्यात पाणी आणि चुरा जात नव्हता खरा, पण त्यावर मोठ्या माणसाची बोटं बसायची नाहीत आणि काही वर्षांनी रबर फाटायचं. वरून टाकायचं सिलिकॉनचं कव्हर घ्या, मापाचं असेल तर बरं.

चुऱ्यासाठी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, उघडा करून उलटा धरा आणि पाठीवर हलकेच थोपटा. मग रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश फिरवा. व्हॅक्युम क्लिनर नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको, गरम हवेने बटणं वाकतात.

बटणांचं म्हणाल तर उपटलेलं प्रत्येक बटण आणि त्याखालची नखाएवढी पांढरी क्लिप डबीत घालून ठेवा. क्लिप शाबूत असेल तर मी दोन मिनिटांत बसवून देते, पैसे घेत नाही. तुटली असेल तर बऱ्याचदा अख्खा कीबोर्ड बदलावा लागतो. तोवर यूएसबीचा साधा कीबोर्ड जोडून त्याला त्यावर बडवू द्या. वरच्या ओळीतली एफ-वाली बटणं नसली तरी त्याचं काही अडत नाही. स्पेसबार निघाला तर मात्र स्वतः दाबून बसवायला जाऊ नका. त्याच्याखाली बारीक तार असते, ती वाकली की संपलं. तसाच घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं.